नायनांसाठी केलेली भाषा

टॉवेलच्या कारखान्यात तीस वर्षं माग चालवून आमच्या नायनांचे कान गेले. आम्ही तेलुगू, वडलांना नायना म्हणतो. आई होती तोवर ती कानाशी ओरडून त्यांना सगळं सांगायची. ती गेली आणि घरात आम्ही दोघंच उरलो. स्वतःचा आवाजही ऐकू येईना, म्हणून नायना एक तर अख्ख्या गल्लीला कळेल असं बोलायचे, नाहीतर गप्प. लोक वळून बघायला लागले तसे ते गप्पच राहायला लागले. कानातलं मशीन आणलं, ते दुसऱ्याच दिवशी काढून डबीत ठेवलं. म्हणाले, "हे घातलं की सगळा कारखाना डोक्यात सुरू होतो." लिहून दाखवावं तर त्यांना सहीपुरतीच अक्षरं येत होती.

मी शाळेत मराठी शिकवते. भाषेचा विषय निघाला की आपल्याला सगळं कळतं, हा माझा जुना माज. मी ठरवलं, नायनांसाठी आपणच एक भाषा करायची. आवाज न काढता बोलायची, नुसत्या ओठांवरून वाचता येईल अशी.

शाळेतून आले की मी आरशासमोर वही घेऊन बसायची. क, ग, ह आतल्या आत राहतात, बाहेरून काही दिसत नाही. ते आधी गेले. प, ब आणि म ओठांवर अगदी सारखे दिसतात, म्हणून तिघांतला एकटा प ठेवला. फ म्हणताना खालचा ओठ दातांखाली घ्यायचा, असं ठरवून फ घेतला. ल म्हणताना जिभेचं टोक दिसतं, तोही घेतला. आ, ई, ओ हे तीन स्वर. एवढ्या भांडवलावर संसार मांडला. पोली म्हणजे पाणी, लाफो म्हणजे औषध. झालेली गोष्ट सांगायची तर पहिलं अक्षर दोनदा म्हणायचं: लालाफो, औषध घेतलं. नकार द्यायचा तर शेवटी ओठ घट्ट मिटायचे. प्रश्न असेल तर भुवया वर. लिंग, वचन, विभक्ती यांना मी सरळ हाकलून दिलं. त्यांच्यापायी वर्गात मुलांना किती छळलंय ते माझं मला माहीत.

नायना मन लावून शिकले. दोनेक महिन्यांत तर ते स्वतः शब्द जुळवायला लागले. एकदा शेजारच्या काकू येऊन बसल्या त्या तासभर हलेचनात. नायनांनी माझ्याकडे बघून ओठ हलवले, भुवया वर केल्या आणि विचारलं, ही जाणार कधी? मला चहाचा ठसका लागला. आई गेल्यापासून त्यांनी केलेली ती पहिली चेष्टा होती. त्या दिवशी मी फार सुखात होते.

एक मात्र मी त्यांना करू दिलं नाही. कारखान्यात मागांच्या खडखडाटात कुणाचं कुणाला ऐकू जात नाही, म्हणून तिथं सगळे हातांनी बोलतात. तार तुटली, कांडी संपली, मालक आला, प्रत्येकाची वेगळी खूण. नायना म्हणाले, "आमच्या खुणा पण घे की ह्यात. लई कामाच्या हायत." मी ओठ घट्ट मिटले. बाजारात, लग्नकार्यात हातवारे केले तर लोक मुका समजतील, असं माझं म्हणणं. खरं म्हणजे मलाच लाज वाटत होती. शिक्षिकेचे वडील ना ते! नायनांनी तो विषय परत काढला नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात नेल्या नेल्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढला, आणि मी केलेली सगळी भाषा त्याच्याखाली गेली. आत ओठ हलायचे, प्लास्टिकवर वाफ धरायची, बाकी काही दिसायचं नाही. मी विचारायची, पोली? लाफो? ते मानेनं नाही म्हणायचे. मग उजवा हात उचलून छातीवर थोपटायचे आणि दोन बोटं दाराकडे उडवायचे. त्याच हातात सलाईनची सुई होती. ती निघेल या भीतीनं मी हात धरून गादीवर दाबून ठेवायची. जरा सैल सोडला की पुन्हा तेच. चौथ्या दिवशी मी त्यांच्यावर डोळे वटारले, वर्गात वटारते तसे. त्यानंतर त्यांनी हात उचलला नाही. पाचव्या दिवशी सकाळी ते गेले.

दहाव्याला चाचा आले. वीस-पंचवीस वर्षं ते नायनांच्या शेजारच्या मागांवर होते. सगळे उठून गेल्यावर मी त्यांना विचारलं, "चाचा, कारखान्यात अशी काही खूण होती का हो?" आणि हातानं करून दाखवली.

"ही तर आमची रोजची, पोरी," चाचा म्हणाले. "जेवायला म्हणून माग बंद करायचे न्हाईत. एकानं जायचं, शेजारच्यानं त्याचेबी माग सांभाळायचे. छातीवर हात म्हणजे मी हाय हितं. बोटं दाराकडं केली म्हणजे तू जा, जेवून ये."

ते चार दिवस मी त्यांच्या उशाशी चहा-बिस्किटांवर काढले होते. नायना ते पडल्या पडल्या बघत होते, मला जेवायला पाठवत होते, आणि मी त्यांचा हात दाबून धरत होते.