सगळ्याला हो म्हणताना

गेल्या गुरुवारी युगेंडआम्टच्या, म्हणजे इथल्या बालकल्याण ऑफिसच्या बाई आमचं घर बघायला आल्या. जर्मनीतल्या एश्बॉर्नमधला आमचा फ्लॅट सकाळपासून इतका चकाचक होता, की मलाच परक्याच्या घरी आल्यासारखं वाटत होतं...

आम्हाला मूल हवंय. इथे त्याचे दोन रस्ते. एक दत्तक... वर्षानुवर्षं वाट बघायची, कदाचित नंबर लागणारच नाही, पण आलं तर कायमचं आपलं.

दुसरा फ्लेगेकिंड. ज्याचे आईवडील सध्या सांभाळू शकत नाहीत, असं मूल आपल्या घरी वाढवायचं. ते काही महिन्यांतही येऊ शकतं, पण आईवडील सावरले की परतही जाऊ शकतं.

माझ्या नवऱ्याने, मंदारने, आणि मी फ्लेगेकिंड ठरवलं होतं. ठरवलं म्हणजे काय, जेवताना तो म्हणाला "चालेल ना?" आणि मी म्हटलं "चालेल की". तेव्हापासून माझी झोप उडालेली...

सासूबाई सध्या पुण्याहून आल्यात. त्यांनी सकाळीच कांदेपोहे केले आणि वर सल्लाही दिला. "कमी बोला गं. विचारतील त्याला हो म्हणा, नापसंत करायला निमित्त नको."

आणि आम्हाला ते पटलं! दोघंही आयटीतले, रोज मीटिंगमध्ये तावातावाने भांडणारे, पण सोफ्यावर बसलो ते थेट दाखवायच्या कार्यक्रमाला बसल्यासारखे.

बाई एकेक विचारत गेल्या. झोपेतून किंचाळत उठणारं मूल चालेल? हो, हो. त्याच्या आईला भेटवायला नियमित न्याल? गेनाऊ, अगदी, का नाही! आजारी निघालं तर? अ‍ॅडजस्ट करू... मला माझ्याच गोड आवाजाची चीड यायला लागली.

बाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "तुम्ही सगळ्याला हो म्हणताय, त्याचीच मला काळजी वाटते. काय जमणार नाही, ते सांगा ना."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं... मला मूल परत देता येणार नाही. एकदा कुशीत झोपलं की नाहीच. त्याची आई सावरूच नये असं माझ्या मनात येईल आणि मला स्वतःचीच लाज वाटेल. बोलता बोलता रडायलाच लागले. वाटलं, झालं, घालवलं सगळं.

मंदारकडे बघायचा धीर होईना. तर हा पठ्ठ्या हळूच म्हणतो, "मलाही नाही जमणार गं. तुला चालतंय म्हणून मी हो म्हणत होतो..."

अरे देवा! आणि मी? मी त्याला दत्तकासाठी वर्षानुवर्षं ताटकळावं लागू नये म्हणून.

बाई रागावल्या नाहीत. मग दत्तकाचाच विचार करा, म्हणाल्या. रांग लांब आहे, खात्री मी देऊ शकत नाही, हेही स्पष्ट सांगितलं. आम्ही हो म्हटलं, आणि त्या दिवसातलं तेवढंच हो खरं होतं.

त्या गेल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांना जर्मन कळत नाही, पण माझं रडणं आतल्या खोलीत ऐकू गेलंच होतं. आलेलं नातवंड परत द्यावं लागणार नाही, म्हणून आता हायसं वाटेल त्यांना, असं मला वाटलं. पण त्या म्हणाल्या, "म्हणजे इथे यायचं होतं, ते लेकरू आता कुणाकडे जाईल गं?"

तेव्हापासून एस-बान लोकलमध्ये, ऑफिसात, कुकर लावताना तेच डोक्यात... आमचा निर्णय बदलणार नाही, पण मन काही जागेवर येत नाही.

खोटं हो परतवून लावणाऱ्या त्या बाईंची मी आभारी आहे. आणि हे वाचणाऱ्यांत माझ्याहून मोठ्या काळजाचं कुणी असेल, तर त्या ऑफिसला एक फोन कराच. आमच्याकडे येऊ शकलं असतं, असं एक मूल अजून घर शोधतंय.