नाना येईपर्यंत फुललं पाहिजे

ट्वायझेलला लोक मार्चपासूनच हिवाळ्यासाठी जळाऊ लाकडं रचायला घेतात. मग शेडमधला एक ओंडका काढायला जावं तर चार अंगावर येतात. सबनीसदादांच्या घरचे किस्से तसेच आहेत. एक सांगायला घेतला की बाकीचे पायावर पडतात. मी त्यांच्या गॅरेजशेजारच्या खोलीत दोन वर्षं राहिलो, त्यामुळे माझे पाय कामातून गेलेले आहेत.

आधी माणसं सांगतो. सुहासदादा सबनीस हायड्रो पॉवर स्टेशनवर इंजिनिअर. मुक्तावहिनी गावातल्या फार्मसीत फार्मासिस्ट. मी पॉवर स्टेशनच्या सॉफ्टवेअरचं काम करणारा. मला ऑकलंडहून, माउंट रॉस्किलच्या फ्लॅटमधून उचलून 'फक्त तीन महिन्यांसाठी' इकडे पाठवलं होतं. आणि वहिनींचे वडील, नाना. ते साताऱ्याकडे एका फार्मसी कॉलेजात शिकवायचे. उभी हयात त्यांनी पोरांना डिजिटॅलिस शिकवलं. डिजिटॅलिस म्हणजे फॉक्सग्लोव्ह. पानांतून हृदयाचं औषध निघतं, आणि उंच दांड्याला जांभळ्या घंटांसारखी फुलं लागतात. हे सगळं नाना पुस्तकातून सांगायचे, कारण जिवंत झाड त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

रिटायर झाल्यावर त्यांनी फोन केला. "तिकडं थंडी आहे म्हणतेस. मग डिजिटॅलिस येत असेल की. एकदा फुललेलं बघायचंय मला. गुडघे चालताहेत तोवर."

त्या एका वाक्यात आमची दोन वर्षं गेली.

•

फॉक्सग्लोव्हचं बी खसखशीपेक्षा बारीक असतं. पाकीट मी ऑकलंडहून आणलं. दादांनी ते हॉलमध्ये कार्पेटवर बसून उघडलं, "अरे, रिकामंच आहे हे" म्हणाले आणि खात्री करायला आत फुंकर मारली.

रिकामं नव्हतं. आता झालं.

वहिनींनी व्हॅक्यूम क्लीनर आणला, सगळं कार्पेट शांतपणे काढलं, आणि क्लीनरची पिशवी जशीच्या तशी मातीच्या ट्रेवर पालथी केली. वर पाणी मारलं. काही दिवसांत ट्रे हिरवागार! दादा रोज ऑफिसला जाण्याआधी पट्टी लावून उंची मोजायचे. मग एक दिवस वास आला. ती मेथी होती. मध्ये मध्ये मोहरी.

आम्ही ती कापून परतून खाल्ली. दादा जेवताना म्हणाले, "फॉक्सग्लोव्ह नसेल, पण पीक चांगलंय." वहिनींनी त्यांना दुसरी पोळी वाढली नाही.

मेथीच्या बुडाशी चार बारकी रोपं मात्र राहिली होती. जाड, लवदार पानांची. ती आपलीच, असं बहुमताने ठरवून मागच्या अंगणात लावली.

•

पाकिटावर 'बायेनिअल' लिहिलं होतं. दादांनी त्याचा अर्थ सगळ्यांना सांगितला: वर्षातून दोनदा. "एकदा ख्रिसमसला फुलेल, एकदा गुढीपाडव्याला." त्या हिशेबाने नानांचं डिसेंबरचं तिकीट काढलं.

आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे नोव्हेंबरात शेवटचं दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, पडतं आणि मार्चमध्ये पहिलं. मधल्या वेळात जे काय करायचं ते झाडाने उरकायचं. आमच्या झाडांनी पानं केली. डिसेंबर उजाडला तरी पानंच.

वहिनींनी नानांना फोन लावला. स्पीकरवर होता, म्हणून मी ऐकलं.

"बायेनिअल म्हणजे द्विवर्षायू, मुक्ता. पहिल्या वर्षी पानं, दुसऱ्या वर्षी फुलं. मीच शिकवलंय तुला हे. वर्गात लक्ष कुठं होतं?"

तिकीट वर्षभर पुढे ढकलायला दादांनी एअरलाइनला फोन केला. तिथल्या बाईने कारण विचारलं. दादांनी खरं कारण सांगितलं. तिने त्यांना होल्डवर टाकलं ते टाकलंच.

•

वहिनी आठवडाभर गप्प. घरातलं वातावरण जरा सैल व्हावं म्हणून मी टू-डॉलर शॉपमधून जांभळ्या प्लास्टिकच्या फुलांची काडी आणली आणि सकाळी एका रोपाच्या मधोमध खोचली. माझा अंदाज असा, की दहा मिनिटांत उघडकीला येईल, सगळे हसतील, चहा होईल.

मी दात घासून बाहेर येईपर्यंत दादांनी फोटो काढून नानांना ईमेलसुद्धा केला होता. विषय: 'फुललं'. त्यानंतर ते दिवसभर त्या काडीला पाणी घालत होते. आता सांगायचं कसं?

नानांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "फूल उत्तम. बुडाशी किमतीचं स्टिकर दिसतंय, तेवढं काढा."

•

हिवाळ्यात नानांकडून पार्सल आलं. लोकरीच्या कानटोप्या. आम्हा तिघांना एकेक, आणि एक जादा.

चार टोप्या, चार रोपं. दादा इंजिनिअर आहेत, त्यांना आकडे जुळलेले दिसले की राहवत नाही. सकाळी उठून बघतो तर अंगणभर पांढरं दहिवर, आणि त्यातून कानटोप्या घातलेली चार डोकी वर आलेली.

शेजारचा रॉस जन्मभर मेंढ्या राखून रिटायर झालेला म्हातारा. तो कुंपणावर कोपरं टेकून बराच वेळ बघत होता. मग त्याने मला अगदी हळू आवाजात विचारलं, की तुमच्यात माणसं उभी पुरतात का.

दादांनी त्याला समजावलं, ही फॉक्सग्लोव्हची झाडं आहेत, थंडी लागू नये म्हणून. रॉस म्हणाला, फॉक्सग्लोव्हला थंडी आवडते. दादा म्हणाले, "येस, बट नॉट हीप्स." हीप्स म्हणजे इकडच्या बोलीत पुष्कळ.

रविवारी नानांनी फोनवर टोप्या बसल्या का विचारलं. दादा म्हणाले, "अगदी फिट, नाना. फक्त एकाचे कान बाहेर राहतात."

•

गणपतीला टिमारूहून गोखले काका-काकू आले. आरती झाली, मोदक झाले, ते निघाले. मागून चहा पिताना मी सहज म्हणालो, काकूंनी मागच्या अंगणातली पानं खुडून पर्समध्ये ठेवली, भाजीला असतील.

वहिनी पांढऱ्या पडल्या. फॉक्सग्लोव्ह विषारी असतं. चार पानांची भाजी केली तरी हृदयाचं काही खरं नाही. त्या रस्त्यावर मोबाइलला रेंज नाही. दादांनी गाडी काढली, मी शेजारी बसलो.

पुकाकी तलावापाशी त्यांची गाडी दिसली. दादांनी लाइट मारले, हॉर्न वाजवला. काकांनी आरशात बघितलं, आणि गाडी जोरात सोडली. दादांनीही सोडली. काका नंतर म्हणाले, "अहो, मला वाटलं उरलेले मोदक घेऊन आलात. जेवतानाच एवढा आग्रह! म्हटलं, आता सापडलो तर मेलोच."

दोघांनाही पोलिसाने थांबवलं. दादा धापा टाकत त्याला म्हणाले, "ऑफिसर, त्या बाईंच्या पर्समध्ये माझी पानं आहेत."

हे वाक्य बोलायची ती जागा नव्हती. पोलिसाने पर्स उघडायला लावली. एक पान हुंगलं. दादांकडे बघितलं. परत हुंगलं. काकू त्याला समजावत होत्या, की त्यात थोडी डाळ घालायची आणि वरून लसणाची फोडणी.

•

दुसऱ्या डिसेंबरात नाना आले. चार रोपांपैकी तीन टोप्यांखाली सडून गेली होती. चौथ्याने मात्र दांडा काढला होता, चांगला दादांच्या छातीला लागेल एवढा. कळ्या अजून मिटलेल्या. दादांनी तो बांबूला वहिनींच्या नव्या ब्लाउजपीसने बांधला होता.

क्राइस्टचर्चहून एवढा प्रवास करून आलेला माणूस, पण चहासुद्धा न घेता थेट मागच्या अंगणात गेला. वाकला. पान अंगठ्याने चोळलं. चष्मा काढून बघितलं, चष्मा लावून बघितलं.

"मलिन," नाना म्हणाले.

"नाही हो नाना," दादा म्हणाले, "कालच एकेक पान पुसून काढलंय."

"मलिन हे नाव आहे, सुहासराव. एम, यू, डबल एल, ई, आय, एन. रानटी झाड. पिवळी फुलं येतात. या बाजूच्या रस्त्याकडेला हेच बघत आलो मी. म्हटलं, इथं भारी कौतुक दिसतंय याचं."

वहिनी पायरीवर बसल्या. दादांनी एक पान परत पुसलं. "पण नाना, बोटॅनिकली फॅमिली तरी तीच ना?"

"फॅमिली तीच. आता तुमची आणि माझीही फॅमिली एकच आहे. उपयोग काय?"

•

मग कोणी त्या झाडाचं नाव काढेना. नाना पेपर वाचायचे, गुडघ्याला तेल लावायचे, परतीचं तिकीट जवळ येत होतं. वहिनी डोळ्याला डोळा देत नव्हत्या. शेवटी दादांनी जाहीर केलं, नानांना निदान ग्लेशियर तरी दाखवू. गाडी हास्ट पासवरून पश्चिमेला उतरली. पाऊस. मी मागे नानांच्या शेजारी, चिवड्याचा डबा मांडीवर.

एका वळणावर डाव्या हाताची अख्खी उतरण जांभळी होती. रस्त्याच्या खडीपासून वर झाडीपर्यंत. उंच दांडे, घंटाच घंटा.

"सुहास," वहिनी म्हणाल्या, "थांबव."

गाडी पुरती थांबायच्या आत नाना छत्री घेऊन उतरले. पहिल्याच दांड्यापाशी गेले. खालच्या घंटेत भुंगा होता. तो बाहेर येईपर्यंत थांबले. मग तिच्यात एक बोट घातलं आणि तसेच उभे राहिले. आम्ही गाडीतच बसून होतो.

तेवढ्यात पलीकडून पंपाचा आवाज आला. नारिंगी जॅकेटमधला एक धिप्पाड माओरी माणूस, पाठीवर टाकी, हातात नॉझल. रस्त्याकडेचं तण मारत येत होता. नानांनी छत्री उघडली आणि ढालीसारखी समोर धरली.

"किआ ओरा," तो आपल्या भाषेत नमस्कार करत म्हणाला.

"धिस इज डिजिटॅलिस," नाना म्हणाले.

तो म्हणाला, हो, हीप्स आहे इथे. मग नानांनी त्याला रस्त्याच्या मधोमध हृदयाचे चारही कप्पे समजावले. वर्गात लक्ष असणारा विद्यार्थी त्यांना बहुतेक पहिल्यांदाच मिळाला असावा, कारण त्याने पंप बंद केला. त्याची मावशी याचीच गोळी घेते म्हणाला. पण सगळंच सोडलं तर बॉस ओरडेल. तेव्हा नानांनीच काय ठेवायचं ते सांगावं, तो तेवढं सोडून मारील. "यू पिक, अंकल."

नानांनी छत्री मिटली आणि चष्मा पुसला.

पुढे नाना, मागे तो, त्याच्यामागे आम्ही तिघं. नाना छत्रीचं टोक एकेका झाडाला लावायचे. "पास. पास. फेल." फेल म्हटलं की तो पंप सुरू करायचा. एका चांगल्या भरलेल्या दांड्याला त्यांनी फेल केलं तेव्हा वहिनींना राहवलं नाही.

"नाना, चांगलंय की ते."

"खालची फुलं गळलीत. फेल."

"मलाही असंच केलं होतंत. सेकंड इयरला."

"तुझ्या डायग्रॅमला लेबलं नव्हती," नाना मागे न बघता म्हणाले. वहिनी खो खो हसल्या. पावसात, रस्त्यावर उभ्या राहून.

असं करत आम्ही पार टोकाला पोचलो. तिथं खडीच्या कडेला तळहाताएवढं एक रोप होतं. दांडा नाही, फूल नाही, नुसती पानं. त्या माणसाने नॉझल उचलला आणि नानांकडे बघितलं. नाना गुडघ्यावर हात ठेवून वाकले. पान अंगठ्याने चोळलं. बराच वेळ घेतला.

"एटीकेटी," नाना म्हणाले.

त्या माणसाने समजल्यासारखी मान हलवली, नॉझल खाली केला, आणि रोपाला वळसा घालून पुढे गेला.