मार्चपर्यंत पुरवायची कार्डं

संगणक माणसांच्या नोकऱ्या खातो, अशी पत्रकं मी कोपरी भागात वाटत असे. पोटासाठी मात्र ठाण्यातल्या एका औषध कंपनीच्या संगणक खोलीतच तात्पुरता लागलो होतो. तिथली ऑपरेटर डोंबिवलीहून यायची. दाराबाहेर चपला काढायची, मॉनिटरवरचं कापड नीट घडी करून ठेवायची, बोटं मोडायची आणि दिवसभर गोदामाची जुनी कार्डं संगणकात भरायची. शेजारी बसून म्हातारे कारकून काका आपल्याच हातची ती कार्डं वाचून दाखवायचे. कार्डं संपली की काकांचं कामही संपणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

एकदा काका चहाला गेले. तिने मान वर न करता एकटीने वीस कार्डं भरली. ते परतताच म्हणाली, "काका, हे अक्षर लागत नाही हो!"

"डोळे तपासून घे! शाळेत बक्षीस मिळालंय या अक्षराला," काका चिडले आणि सावकाश वाचू लागले.

जेवणाच्या सुट्टीत मी तिला गाठलं. "तुम्हाला तर सगळं लागतं."

"लागतं रे. पण मार्चमध्ये त्यांच्या मुलीचं लग्न आहे. तोवर कार्डं पुरवायचीत. उगाच बोंबलू नकोस."

माझ्या पिशवीत तिला द्यायला आणलेलं पत्रक होतं. ते पिशवीतच राहिलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला विचारलं, "एवढा उशीर का लागतोय रे?"

"काकांचं अक्षर लागत नाही, सर."

काका शेजारीच बसले होते. अक्षरावरून भांडणाऱ्या त्या माणसाने मान खाली घातली आणि पुढचं कार्ड उचलून आणखीच सावकाश वाचायला घेतलं.