जागा असल्यास

शनिवारी दुपारी सक्करदऱ्याहून एक बाई आमच्या नागपूरच्या दैनिकाच्या कार्यालयात आल्या. वय पन्नाशीचं. त्यांचे वडील, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, मंगळवारी गेले होते. निधनवार्ता बुधवारीच दिली होती. ती छापून आली नव्हती. रविवारी सकाळी अकरा वाजता बुद्धविहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता.

"बाबाचे विद्यार्थी कुठं कुठं आहेत, नंबर कोणाचेच नाहीत. पेपरात आलं तर येतील, नाही तर घरचेच बसू," त्या म्हणाल्या. मग थोड्या हसल्या. "बाबा म्हणतच होते, माहीवाली तरी लावतीन का हे लोक, का मलेच जा लागन विचाराले?"

असं का म्हणत होते, मी विचारलं. त्यांनी पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटातला एक कागद काढला. सोळा वर्षांपूर्वी त्यांची आई वारली, तेव्हाच्या निधनवार्तेची ती पोच होती. आई सरकारी दवाखान्यात नर्स. वडिलांनी कार्बन ठेवून, शिक्षकी अक्षरात लिहिलेलं. खाली आमचा शिक्का. उजव्या कोपऱ्यात कार्बनची निळी दोन अक्षरं: जा. अ.

"तीही आली नव्हती. आणि हे काय असते, भाऊ? बाबाले शेवटपर्यंत समजलं नाही."

अक्षर माझं होतं. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत निधनवार्ता मी पाहत असे. वरचा आणि खालचा कागद वेगळे न करताच मी शेरा मारला असणार.

"जागा असल्यास," मी सांगितलं.

"मंग त्या दिवशी जागा नव्हती का?"

आठवत नाही म्हणालो. त्यांना बसायला सांगून तळमजल्यावर फायलींच्या खोलीत गेलो.

सोळा वर्षांपूर्वीच्या त्या दिवशीच्या पानावर सात निधनवार्ता होत्या. तिसरी, फोटोसह, नरखेड तालुक्यातल्या एका संत्रा बागायतदाराची. ते माझ्या आत्याचे सासरे. नागपुरात त्यांना ओळखणारी दहा माणसं नसतील. त्यांच्यासाठी कोणी कागद घेऊन आलं नव्हतं. मला घरून फोन आला होता. पानाच्या तळाशी एक चौकट होती, 'संत्र्याच्या सालीचे पाच उपयोग'. मजकूर कमी पडला की पान भरायला आम्ही असं काहीतरी टाकतो. तेही मीच लिहिलेलं.

जागा होती.

पुढच्या आठ दिवसांची पानं उलटली. 'तेरवी' रोज सापडली. 'पुण्यानुमोदन' एकदाही नाही. न छापलेले कागद आम्ही ठेवत नाही, त्यामुळे किती कोपऱ्यांत मी ती दोन अक्षरं लिहिली, हे आता कळणार नाही. मला कोणी तसं सांगितलं नव्हतं. मी कोणाला जात विचारली नव्हती. आडनाव, वस्ती, विहार एवढं वाचून पेन आपोआप कोपऱ्यात जात असे. त्याच काळात मी समतेवरच्या परिसंवादांच्या बातम्या करत होतो आणि त्या मन लावून करत होतो. फाईल जागेवर ठेवली.

वर आलो. निधनवार्ता आता एक तरुण सहकारी पाहते. बुधवारच्या वार्तेचं काय झालं, विचारलं.

"आहे ना सर. जागा असली की लावणारच होते."

"हे कोणी सांगितलं?"

ती गोंधळली. "तुम्हीच. मी नवीन होते तेव्हा. विहारातला कार्यक्रम असला की जागा पाहून, असं."

तिच्या संगणकावर 'जा. अ.' नावाचा फोल्डर होता. त्यात त्या आठवड्याच्या नऊ वार्ता होत्या.

नऊही रविवारच्या पानावर घ्यायला लावल्या. शिक्षकांची सर्वांत वर. ती लागलेली पाहूनच बाहेर आलो.

"जागा होती," मी त्या बाईंना सांगितलं. "मी लावली नाही."

"काहून?"

मी कारण सांगितलं. वाक्य एकच होतं, पण ते नीट पूर्ण झालं नाही. आईचा कागद पाकिटात घालून त्या म्हणाल्या, "उद्याची तरी लागते ना?"

"लागली आहे."

"मंग पोच द्या."

मी वार्तेच्या प्रतीवर शिक्का मारून कागद पुढे केला. घडी घालण्याआधी त्यांनी उजवा कोपरा पाहिला.