विहिरीला पाणी आलं

डिचोली तालुक्यातलं गाव सोडलं ते आमच्याच ट्रकातून. ज्या हौद्यात जन्मभर खनिज वाहिलं, त्यात त्या दिवशी कपाट, गॅस आणि आईचा वाटणाचा दगडी रगडा. मी, बायको, मध्ये आई. खाणीला आमच्याकडे सगळे मायन म्हणतात. ती बंद पडली होती, आणि मला पेडण्यात तुयेच्या कारखान्यात काम मिळालं होतं. आई म्हणाली, "फाटीं पळोव नाका रे." ट्रक चालवणाऱ्यापुढे मागचं दाखवणारा आरसा टांगलेला असतो, हे तिला कोण सांगणार.

सामान उतरवून ट्रक परत गावी नेऊन ठेवला. धाकटा भाऊ बाबलो तिथेच राहिला, मायन आज ना उद्या सुरू होईल म्हणून.

गावातली आमची विहीर कधीच आटली होती. मायनीचा खड्डा खोल गेला, त्यातलं पाणी पंपांनी उपसलं, आणि आमचं पाणी त्याच्यामागून गेलं. मग टँकर. तक्रार कुणी करायची? त्याच मायनीने घरावर स्लॅब घातला, बहिणीचं लग्न लावलं, मला ट्रकमालक केलं. टँकरवाल्याला आम्ही चहा पाजायचो.

तुयेला मी पॅकिंगमध्ये. डोक्याला जाळीची टोपी, तोंडाला मास्क. आयुष्यभर लाल धूळ खाल्ली, आणि आता माझा एक केस मालात पडू नये म्हणून एवढी काळजी. मुळात केस उरलेत किती, हे सुपरवायझरने विचारलं नाही. पगार वेळेवर येतो, नळाला पाणी असतं, आईचा खोकला कमी झाला. वाईट म्हणावं असं काही नाही. तरी शिफ्टवरून आलो की चपला काढायचाही कंटाळा येतो.

गेल्या गणेश चवथीला गावी गेलो तर विहीर भरलेली. पंप थांबले, खड्डा भरला, झरे परतले. प्यायला मात्र गावात फारशी माणसं राहिली नव्हती. आईने कळशी सोडली, ओंजळभर प्याली, ओसरीवर जाऊन बसली.

"आतां हांव खंयच येना."

बाबलो म्हणाला, "आई, मायन परत सुरू जातली म्हणटात. पंप लायतले."

तो माझ्याकडे वळला.

"दादा, तूं तरी सांग तिका. ट्रकाचे टायर उबे रावून कुसले. तुका टोपी मेळ्ळी, माका कितें?"

मी टोपीच्या जागी हात फिरवला.

शेवटी आईच म्हणाली, "सुरू जांव दी बाबा. तुका काम जाय. सुरू जायपर्यंत हांव हें उदक पियेतां."

ती राहिली. आम्ही दोघं तुयेला परतलो.

रविवारी फोन करतो. बाबलो सांगतो, आज साहेब लोक येऊन मायन बघून गेले. मी म्हणतो, बरं झालं. मग आई फोन घेते, विहिरीचं पाणी अजून वर आहे म्हणते. मी म्हणतो, बरं झालं. तुम्ही गावात राहिलेले असा की माझ्यासारखे बाहेर पडलेले, तुम्हाला घर कुठे म्हणून विचारलं तर काय सांगता, ठाऊक नाही. माझं घर आता त्या एका फोनवर आहे, आणि त्यातली दोन्ही माणसं माझी आहेत.

कामावर जाताना वाटेत देऊळ लागतं. भावासाठी मागावं तर आईचं पाणी जातं, आईसाठी मागावं तर भावाचं काम. देवाला तरी कशाला अडचणीत टाका. सध्या नुसते हात जोडतो आणि शिफ्टला जातो.