बोडीतली ढोरं

आमच्या बोडीत गवत्या मासा सोडला गेला तेव्हा मंडप होता, खुर्च्या होत्या आणि मला शाल-नारळ मिळाला होता. बोडी म्हणजे शेतातलं खाजगी तळं. चिमूरकडच्या गावांत धानाच्या बांध्यांना पाणी द्यायला अशा बोड्या पिढ्यान् पिढ्या आहेत आणि त्यांचं आजवर कुणाच्याही भाषणावाचून अडलं नव्हतं. त्या वर्षी मात्र पाण्यात शेवाळ आणि गवत माजलं. मी शाळेतून निवृत्त झालो होतो, वेळ भरपूर होता. गावात आलेल्या एका पाहुण्यांनी गवत खाणाऱ्या माशाचा उपाय सुचवला आणि स्वतःच्या हातांनी मत्स्यबीज सोडायचं कबूलही केलं. त्या दिवशी ते अर्धा तास बोलले. बोटाएवढी पिल्लं तोवर प्लॅस्टिकच्या पिशवीत भाषण ऐकत होती. पिशवीचं तोंड सुटल्यावर ती ज्या वेगानं पसार झाली, तो पाहून आम्हा श्रोत्यांना त्यांचा हेवा वाटला.

बगळ्यांनी आणि मरळ माशांनी आपला वाटा घेतला. उरलेले मात्र वर्षभरात हातभर वाढले. शेवाळ त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. गवत ते आवडीनं खायचे, तेही माझ्या बायकोनं आणून टाकलेलं.

हे तिनं कुणाला विचारून सुरू केलं नव्हतं. "गवत खाते तं ढोरच झालं," एवढं तिचं शास्त्र. आमचे बैल विकल्याला पाच वर्षं झाली होती. संध्याकाळी धुऱ्यावरचं, म्हणजे शेताच्या बांधावरचं, गवत कापून पेंढी आणायची तिची सवय मात्र गेली नव्हती. ती पेंढी आता बोडीच्या कोपऱ्यात जाऊ लागली. पोळ्याच्या दिवशी तिनं पाळीवर, बोडीच्या काठाच्या बांधावर, हळद-कुंकू वाहिलं आणि पुरणपोळीचा तुकडा पाण्यात टाकला. मासे चौदा आहेत हे तिला ठाऊक होतं. मी तीनदा मोजले आणि तिन्ही वेळा आकडा वेगळा आला.

पोळ्यानंतर ती मुलीच्या बाळंतपणाला नागपूरला गेली, ती दोन महिने. जाताना गवताचं सांगून गेली होती. मी मान डोलावली आणि एकदाही पेंढी टाकली नाही. ज्याचं नावच गवत्या, तो आपलं आपण शोधेल, असा माझा तर्क होता. त्यानं शोधलंही. बोडीत शिंगाड्याचे वेल होते.

ते वेल मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या एका बाईचे. नवरा गेल्यापासून ती दर पावसाळ्यात आमच्या बोडीत शिंगाडा लावायची, कार्तिकात काढायची, उकडून चिमूरच्या बाजारात विकायची. आम्हाला पहिली टोपली द्यायची. हिवाळ्याचं तिचं घर त्यावर चालायचं. त्या वर्षी पानं एकेक करून पाण्याखाली गेली. आधी तिनं म्हशींवर संशय घेतला, मग शेजाऱ्यांवर. शेवटी एका दुपारी ती पाळीवर बसून राहिली आणि तिच्या डोळ्यांदेखत एक पान टपकन खाली ओढलं गेलं. तिची एक टोपलीही भरली नाही. माझ्याकडे आली तेव्हा आवाज चढलेला नव्हता.

"भाऊ, सत्कार तुमचा झाला," ती म्हणाली, "अन् जेवण माह्या येलावर."

पुढच्या लावणीआधी मासे काढून देतो, असा शब्द मी दिला.

ज्येष्ठात पाणी कमरेइतकं उरलं. तिचा दीर दोघांना घेऊन ओढजाळं घेऊन आला. जाळं बोडीभर ओढत आणलं, कोपरा जवळ आला आणि मासे एकामागून एक जाळ्यावरून उड्या मारून मागे गेले. पाळीवर निम्मं गाव जमलं होतं. मास्तरांनी माशांना चांगली उंच उडी शिकवली, असं कुणीसं म्हणालं. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. हाती आले दोन रोहू आणि माझी एक जुनी चप्पल.

मग पाऊस लागला. बोडी रोज वीतभर चढू लागली. बाईनं घरामागच्या खड्ड्यात शिंगाड्याची रोपं धरली होती. ती लांबून एकमेकांत गुंतायला लागली होती. आठ दिवसांत लावली नाहीत तर सडणार होती. मासे असताना लावली तर मासे खाणार होते. मी पुस्तकं चाळली, फोनवर दोघातिघांना विचारलं. सगळ्यांचा सल्ला एकच: बोडी रिकामी करा. आषाढात.

ती आली तेव्हा मी अंगणात बसलो होतो. माझ्याकडे न पाहता ती आत गेली, चुलीपाशी.

"वहिनी, तुमची ढोरं तुमीच बोलवा."

बायकोनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "पोळ्याले पूजलेली हायेत. कापाची नाई."

"नाई कापत."

माझ्या मेव्हण्याच्या वावरात प्लॅस्टिक अंथरलेलं शेततळं होतं. त्यात शिंगाडा नव्हता आणि गवत हवं तेवढं होतं. मासे तिकडे न्यायचं ठरलं. ढोर विकताना आपण दावं देत नाही, ठेवून घेतो. इथे तो प्रश्न नव्हता.

तीन दिवस मासे उपाशी ठेवले. चौथ्या दिवशी दुपारीच बाईच्या दिरानं जाळं नेहमीच्या कोपऱ्यात तळाशी निजवून ठेवलं. चार वाजता बायको पेंढी घेऊन गेली, पाळीच्या दगडावर नेहमीसारखा विळा दोनदा वाजवला आणि गवत पाण्यावर पसरलं. मासा आवाज ऐकून येतो यावर माझा विश्वास नव्हता. पाण्यावर रेषा उमटल्या, सरळ कोपऱ्याकडे. गवत हलायला लागलं. बायकोनं मान हलवली तसं आम्ही चौघांनी जाळ्याची वरची कड उचलली आणि त्यामागे चार बायकांनी जुनी लुगडी ताणून उभी धरली. मासे उडाले, लुगड्यांवर आपटले आणि पुन्हा जाळ्यात पडले. एकानं मला छातीवर धडक दिली. मी पाण्यात बसलो. कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांचे हात गुंतले होते. हसले नंतर.

पाणी भरलेले ड्रम ट्रॅक्टरवर चढले. बायकोनं मोजले. तेरा.

चौदावा पुढचे तीन दिवस कोपऱ्याकडे फिरकलाच नाही. माझ्या मते तो मेला असावा. बायकोच्या मते तो शहाणा होता. बाईकडे वाट पाहायला दिवस उरले नव्हते. चौथ्या सकाळी ती रोपांची टोपली घेऊन आली, छातीइतक्या पाण्यात उतरली आणि एकेक वेल पायाच्या अंगठ्यानं चिखलात रोवू लागली. हात मोकळे, नजर समोर, सगळं काम अंगठ्याचं. दुपारपर्यंत निम्मी बोडी लावून झाली.

वर आल्यावर लुगडं पिळत तिनं बायकोला नव्हे, मला सांगितलं, "भाऊ, एक हाये अजून. रोज पेंढी टाकजा. त्याचं पोट भरलं तं माह्या येलाले तोंड नाई लावणार."

"किती दिवस?"

"मी शिंगाडे काढतवरी."

दुसऱ्या दिवसापासून मी धुऱ्यावर गवत कापू लागलो. पहिल्या आठवड्यात बोट कापलं, दुसऱ्यात विळ्याची सवय झाली. पेंढी कोण खातं ते मला कधी दिसलं नाही. पण सकाळी कोपऱ्यात काड्या तेवढ्या उरलेल्या असायच्या, आणि पलीकडे शिंगाड्याची पानं एकमेकांना चिकटून पसरत चालली होती. बाई रोज पाळीवरून जाताना आधी वेल पाहायची, मग काड्या, मग माझे हात. कार्तिकापर्यंत तिनं एकही दिवस चुकवला नाही. मीही नाही.