बाळंतिणीचं पाणी

बाळंतिणीनं पाणी जास्त पिऊ नये असं आमच्याकडं म्हणतात. पोट सुटतं, अंगात वारं भरतं, बाळाला सर्दी होते. खरंखोटं कुणी तपासायला जात नाही. माझ्या मायनं मला दिवसाचे दोन तांबे ठरवून दिले होते. ओवा टाकून उकळलेलं पाणी, एक तांब्या सकाळी, एक संध्याकाळी. मी बी.ए. झालेली बाई, तरी मुकाट्यानं ऐकलं. पहिलं बाळंतपण, माहेरचं घर आणि समोर माय. तिथं माझी बी.ए. कोण विचारतंय.

त्यात साल दुष्काळाचं. आमचं गाव तलवाड्याच्या अलीकडं. टँकर चौथ्या दिवशी यायचा, कधी पाचव्या. विहिरीत पाणी सोडून निघून जायचा आणि मग बायकांची झुंबड उडायची. घरातली दोन टिपाडं भरली की पुढच्या टँकरपर्यंत त्याच्यावर काढायचं. त्यामुळं बाळंतिणीला पाणी कमी द्यायची रीत त्या वर्षी फारच सोयीची पडली. हे मी आज रागानं लिहितेय. तेव्हा रागबिग काही आला नव्हता.

घरात आम्ही मोजकीच माणसं. माय, दादा, मी आणि माझी पोरगी. वडलांना आम्ही दादा म्हणतो. दादा गावच्या दूध सोसायटीत दूध मोजून घ्यायचे, सकाळ-संध्याकाळ माप आणि फॅट. दारात एक म्हैस होती, माझ्या आधी महिनाभर व्यालेली. तिचं दूध सोसायटीला जायचं. बाकी सगळ्या गावाचं पीक गेलं होतं, तेव्हा घर चालत होतं ते ह्या म्हशीवर आणि दादांच्या पगारावर.

बाळंत झाल्यावर पाच दिवस मला संडासला झालीच नाही. खाणं म्हणजे सगळं कोरडं. भाकरी, लसूण-खोबऱ्याची चटणी, डिंकाचे लाडू, खारीक. पाणी दोन तांबे. सहाव्या दिवशी झाली. कसं सांगू? काचेचा तुकडा बाहेर पडावा तसं वाटलं. खाली बघितलं तर रक्ताचे थेंब. मला वाटलं, संपलं एकदाचं. पण दुखणं खरं सुरू झालं ते नंतर. दोन-तीन तास आग आणि ठणका. बसता येईना, कुशीवर पडून राहावं लागे, आणि आता उद्या पुन्हा जावं लागणार ह्याची धास्ती वेगळी.

घरामागं अनुदानातून बांधलेला संडास होता. एरवी त्यात गोवऱ्या भरलेल्या. संडासला बादलीभर पाणी लागतं, रानात गेलं की तांब्यावर भागतं, म्हणून तो वापरायचं कुणाच्या मनात येत नसे. माझ्यासाठी मायनं गोवऱ्या बाहेर काढल्या होत्या. त्या चार भिंतींत मी पायांवर बसून दरवाजाच्या कडीला धरून राहायची. ओरडायची सोय नव्हती, पलीकडं चुलत्यांचं अंगण.

मग मी शहाणपणा केला. खाल्लंच नाही तर जावं लागणार नाही, असा हिशोब मांडला. माय ताट ठेवून चुलीकडं वळली की मी अर्धी भाकरी पदरात घ्यायची. माझी खाट गोठ्याच्या भिंतीला लागून होती आणि भिंतीत हातभर खिडकी होती. भाकरी, लाडू, सगळं खिडकीतून म्हशीला. ती बिचारी आवडीनं खायची. मायनं महिनाभर जमवून ठेवलेला डिंक म्हशीच्या पोटात चालला होता, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

मला कशाचंच काही वाटत नव्हतं, हे आधी सांगायला पाहिजे होतं. पोरगी रडायची. मी तिच्याकडं बघायची आणि मनात एवढंच यायचं की आता उठून टेकून बसावं लागणार, म्हणजे दुखणार. लोक म्हणतात, लेकरू पोटावर ठेवलं की मायेचा पान्हा फुटतो. माझ्या पोटावर ठेवलं तेव्हा मी दवाखान्याच्या भिंतीवरची पाल बघत होते. नंतरही तसंच. लेकीचे हात, पाय, नाक, सगळं जागच्या जागी होतं. ती माझी आहे हे मला ठाऊक होतं, आणि त्याच्या पुढं काही नव्हतं.

मला पकडलं ते गव्हाणीनं. एका सकाळी माय शेण काढायला गेली आणि गव्हाणीत तिला अख्खा लाडू दिसला. लाडू घेऊन ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"हे काय गं?"

मी पदर सारखा केला.

"म्हशीला डिंक चारती? तुज्यासाठी केले ते मी. येड लागलं का तुला?"

तेव्हा मी सांगितलं. असं असं होतंय, जाताना चिरतं, रक्त पडतं, म्हणून खात नाही. सांगताना भिंतीकडं बघत होते. मायनं ऐकून घेतलं, लाडू खिडकीच्या कठड्यावर ठेवला. "मूळव्याध असंल," ती म्हणाली. "बाळंतपणात व्हतंय तसं. जाईल." बाजाराच्या दिवशी तिनं माझ्यासाठी मूळव्याधीची अंगठी आणली, तांब्याची, वळसे दिलेली. ती बोटात घातली की दुखणं जातं म्हणे. मी घातली. आठ दिवसांत बोटाला हिरवा डाग पडला. दुसरं काही झालं नाही.

इकडं पोरगी किरकिर करायला लागली. आधी रडायची ती जोरात, नंतर बारीक आवाजात. पाजायला घेतलं की दोन मिनिटं ओढायची, सोडायची, पुन्हा रडायची. उपकेंद्रातल्या नर्सबाई वजन करायला आल्या. झोळीत घालून पोरीला काट्याला लटकावलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"वाढायचं सोडून घटलंय की हो. पाजता का न्हाई?"

"पाजते," मी म्हणाले.

"दूध येतंय का?"

मायनं मधेच विचारलं, "म्हशीचं दूध पाणी घालून द्यावं का?"

"आन् पाणी कुठलं घालणार, टँकरचं?" नर्सबाई चिडल्या. "लागले जुलाब तर एवढ्याशा जिवात काय राहतंय? आधी हिला माजलगावला दाखवून आणा. आईचं दूध आलं पाहिजे, दुसरा विचार करू नका."

त्या गेल्यावर माय बराच वेळ पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. ती घाबरली होती. मी घाबरायला हवं होतं. मला एवढंच कळत होतं की जीपमध्ये बसून माजलगावपर्यंत जायचं आहे आणि रस्ता खराब आहे.

गेलो. मी जीपमध्ये एका बाजूला कलून, मायच्या खांद्याला धरून. बाकीची माणसं धरणाचं बोलत होती, मृतसाठ्याच्या खाली गेलं, आता मोटारी बंद करणार. पोरगी मायच्या पदराखाली. एकेका खड्ड्याला मी दात आवळून घ्यायची आणि समोरचा म्हातारा मला विचारायचा, "पोटात दुखतंय का बाई?" मी हो म्हणायची.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, बोलायला तुटक. त्यांनी पडद्याआड तपासलं, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मूळव्याध नाही. फिशर आहे. कडक संडासनं चीर पडलीय. रोज ती नव्यानं उकलते, म्हणून भरत नाही." मग माझ्या बोटाकडं बघून म्हणाल्या, "ती अंगठी काढा आधी."

मी काढली.

"पाणी किती पिता?"

मी मायकडं बघितलं. मायनंच सांगितलं, "दोन तांबे देते की मी."

"दिवसाला?"

"बाळंतीण हाय ना बाई. जास्त कसं द्यावं?"

मला वाटलं, आता ह्या मायला झापणार. त्यांनी झापलं नाही. पेन खाली ठेवला. "मावशी, घरी जनावर आहे?"

"म्हैस हाय."

"दूध काढता?"

"व्हय, सोसायटीला घालतो."

"दुष्काळ आहे. मग म्हशीचं पाणी कमी केलंय का तुम्ही?"

"ते कसं कमी करावं? पाणी तोडलं तर दूध कुठून दील ती..." माय बोलता बोलता थांबली.  डॉक्टरीणबाई कागदावर औषधं लिहायला लागल्या.

मलम होतं, एक गोड पातळ औषध होतं, इसबगोल होतं. दिवसभरात बारा-पंधरा पेले पाणी प्यायचं. ताक, भाजी, पोटभर जेवण. आणि दिवसातून तीनदा, संडास झाल्यावर तर नक्कीच, कोमट पाण्याच्या टबात दहा-दहा मिनिटं बसायचं. "त्यानं आतला आवळलेला भाग सैल पडतो, रक्त खेळतं, चीर भरते. दीड महिना धरा. आणि जेवण सोडायचं नाही. तुम्ही जेवल्या नाहीत तर दूध येणार नाही."

टबात तीनदा. मायनं फक्त एवढंच विचारलं, "पाणी तेच तेच चालंल का?"

"नाही चालणार, मावशी."

घरी परतल्यावर माय दारात उतरली, हातपाय न धुता तांब्या भरला आणि माझ्या हातात दिला. उकळलेलं नाही, ओवा नाही, रांजणातलं गार पाणी. मी घटाघटा प्यायले. तिनं दुसरा भरला. मग तिसरा. "पी," म्हणाली, "पी बाई."

टब कुठला आणायचा? वैरणीचं मोठं प्लास्टिकचं घमेलं होतं, ते तिनं राखेनं घासून घासून धुतलं. चुलीवर पाणी तापवायचं, कोपरानं बघायचं, मोरीत घमेलं ठेवायचं आणि मला धरून बसवायची. पहिल्यांदा बसले तेव्हा कमरेखालचं सगळं सैल झालं. किती दिवस मी स्वतःला आवळून धरलं होतं ते तेव्हा कळलं. दहा मिनिटं कसली, पाणी गार होईपर्यंत मी उठले नाही. ते पाणी माय परसातल्या शेवग्याला टाकायची. त्या उन्हाळ्यात गावात एवढा हिरवा शेवगा दुसरा नव्हता.

पण दोन टिपाडांत हे भागणार कसं? मायनं स्वतःची आंघोळ आठवड्यावर नेली. लुगडं पिळून काढलेल्या पाण्यानं घर सारवायची. तरी पुरेना. मग एके संध्याकाळी दादा सोसायटीतून आले ते दुधाचं एक कॅन भरून पाणी घेऊन. सोसायटीत कॅन धुवायला म्हणून वेगळं पाणी यायचं. दादांनी कॅन मोरीजवळ ठेवलं, माझ्याकडं बघितलं नाही, टोपी काढून खुंटीला अडकवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक कॅन. मायनं विचारलं, "चेअरमन काही म्हणला न्हाई का?"

"म्हशीला न्हेतो म्हणलं," दादा म्हणाले. "मग काय म्हणतोय तो."

लेकीला बसायला पाणी पाहिजे असं चार माणसांत कसं सांगणार बाप? आणि सांगितलं असतं तर मिळालं असतं का, हेही आहेच. म्हशीच्या नावावर रोज एक कॅन मिळत गेलं. मला हसूही आलं नाही आणि वाईटही वाटलं नाही. मी बसले त्या पाण्यात.

बरं होणं असं एका दिवशी होत नाही. पाचव्या दिवशी दुखणं तासाभरावर आलं. मग एक दिवस रक्त नव्हतं. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा होतं, आणि मी मोरीत बसून भिंतीला डोकं आपटलं. माय म्हणाली, "आपटू नको, भिंत पडंल." हळूहळू संडासला जायची भीती कमी झाली. जेवायला लागले. एका दुपारी पोरगी पिता पिता झोपली, तोंडाच्या कडेनं दूध ओघळलं, आणि माय ते बघून उठून बाहेर गेली. नर्सबाईंचा काटा पुढं सरकला तेव्हा तिनं त्यांना चहा पाजला, गूळ घालून, अख्खा पेला भरून.

मी पहिल्यांदा खाली मांडी घालून बसले तो दिवस आठवतो. पोरीला मांडीवर घेतलं होतं. तिच्या कानाच्या पाळीवर बारीक लव होती. मी बोट फिरवलं तशी तिनं मान हलवली. मला ती आवडली. एवढंच झालं, पण ते झालं, आणि मला फार हायसं वाटलं.

दीड महिना झाल्यावर आम्ही पुन्हा माजलगावला गेलो. सासर माझं युसूफ वडगावकडं, तिकडचे लोक न्यायला येणार होते, त्याआधी एकदा दाखवून घ्यावं म्हणून. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. चीर भरली म्हणाल्या. पाणी सोडायचं नाही, कोण काहीही म्हणो. पोरीचा गाल त्यांनी चिमटीत धरला आणि पहिल्यांदा हसल्या. मी पिशवी उचलली, पोरीला खांद्यावर घेतलं आणि निघाले. माय स्टुलावरून उठली नाही.

"चल की गं," मी म्हणाले.

ती माझ्याकडं न बघता डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "बाई, हे बरं व्हतंय हे मला ठावं नव्हतं. माझं बी बघता का?"

डॉक्टरीणबाईंनी तिला पडद्याआड नेलं. मी पोरीला घेऊन अलीकडं उभी राहिले.  मग डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "मावशी, हे कधीपासून आहे?"

माय हळू आवाजात म्हणाली, "ही झाली तवापासून."

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. हात धुतले, पुसले, टेबलाशी बसून एक कोरा कागद पुढं ओढला. त्यावर मायचं नाव घातलं. मग मला विचारलं, "तुमचं वय काय?"

"तेवीस," मी म्हणाले.

त्यांनी मायच्या कागदावर लिहिलं, तेवीस वर्षांपासून.